काळजीकेंद्रासाठी उपकरणे भाडेपट्ट्याने घेताना हप्त्यापलीकडे काय पाहावे?

धागाकर्ता : निवासव्यवस्था

वृद्ध, दीर्घकाळ आजारी किंवा परावलंबी व्यक्ती जिथे कायम राहतात अशा काळजीकेंद्राला लागणारी उपकरणे विकत घ्यावीत की भाडेपट्ट्याने, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांसमोर येतो आणि बहुतेक वेळा ‘महिन्याचा हप्ता झेपेल का?’ एवढ्याच कसोटीवर त्याचा निकाल लावला जातो. ही कसोटी मला फार अपुरी वाटते. त्याविषयी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

कार्यालयातले छपाईयंत्र बंद पडले तर काम तुंबते, इतकेच. काळजीकेंद्रातले हॉइस्ट (माणसाला उचलून हलवणारे यंत्र) बंद पडले तर जी व्यक्ती स्वतःच्या बळावर उठू शकत नाही ती दिवसभर अंथरुणातच राहते, किंवा दोन काळजीवाहक तिला हातांनी उचलण्याचा धोका पत्करतात आणि त्यात तिघांपैकी कोणालाही इजा होऊ शकते. हवेच्या गादीचा पंप रात्री थांबला आणि सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही, तर शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) होण्यास तेवढा काळ पुरेसा ठरू शकतो. म्हणून भाडेकराराचे वाचन एका प्रश्नापासून सुरू व्हावे असे माझे मत आहे. उपकरण बंद पडेल त्या दिवशी कोणी, किती वेळात आणि कोणाच्या खर्चाने काय करायचे, हे करारात स्पष्ट लिहिलेले आहे का? हप्ता, मुदत आणि कर यांचा विचार त्यानंतर करावा.

बाजारात साधारण तीन प्रकारच्या व्यवस्था मिळतात आणि त्यांची सरमिसळ झाली की निर्णय चुकतो. पहिली व्यवस्था अल्पमुदतीच्या भाड्याची. आठवड्याच्या किंवा महिन्याच्या बोलीवर उपकरण येते, गरज संपली की परत जाते आणि दुरुस्ती बहुधा मालकाकडेच असते. दुसरी काही वर्षांच्या सेवेसह भाडेपट्ट्याची. यात उपकरण मालकाचेच राहते, देखभाल भाड्यात धरलेली असते आणि मुदतीनंतर ते परत करायचे किंवा नव्याशी बदलून घ्यायचे असते. तिसरा वित्तीय भाडेपट्टा. तो स्वभावाने कर्जाच्या जवळचा असतो. उपकरणाची जवळजवळ सगळी किंमत हप्त्यांतून वसूल होते, आणि विमा, देखभाल, नासधूस यांचा भार वापरणाऱ्यावर असतो. या तीन व्यवस्थांचे हप्ते शेजारी मांडून सर्वात लहान आकडा निवडणे व्यर्थ आहे, कारण त्या आकड्यांत समाविष्ट असलेली सेवाच वेगवेगळी असते.

वित्तीय भाडेपट्ट्यात आणखी एक बाब हमखास नजरेतून निसटते. व्यवहार दोघांमधला वाटतो, प्रत्यक्षात तो तिघांचा असतो. उपकरण पुरवठादार देतो, त्याची किंमत वित्तकंपनी चुकती करते आणि केंद्र हप्ते वित्तकंपनीला भरते. अशा करारांत, उपकरणात दोष निघाला किंवा पुरवठादाराने सेवा दिली नाही तरी हप्ते न थांबवता भरत राहण्याचे बंधन सर्रास लिहिलेले असते. म्हणजे बंद पडलेल्या यंत्राचे पैसे एका बाजूला जात राहतात आणि तक्रार दुसऱ्या बाजूला करावी लागते. हे कलम काढून टाकायला वित्तकंपनी सहसा तयार होत नाही. त्यामुळे पुरवठादाराबरोबरचा सेवाकरार स्वतंत्रपणे, तितक्याच काटेकोरपणे आणि शक्य असेल तर भाडेपट्ट्याच्या पूर्ण मुदतीसाठी करून घ्यावा लागतो. पाच वर्षांचा भाडेपट्टा आणि एका वर्षाची सेवाहमी अशी जोडी पुढ्यात आली, तर उरलेल्या चार वर्षांचे काय हे सहीपूर्वीच विचारले पाहिजे.

हिशेब, परिचर्या आणि यंत्रदुरुस्ती या क्षेत्रांतील सदस्यांनी आपापल्या बाजूने लिहावे, ही विनंती.

---

प्रतिसाद : जमाखर्च

धागाकर्त्यांच्या मांडणीशी मी सहमत आहे, परंतु हप्त्याचा आकडा दुय्यम असला तरी तो नीट वाचता आला पाहिजे, म्हणून थोडे गणित मांडतो.

उपकरणाची रोख किंमत १०० धरू. भाडेपट्टा ६० महिन्यांचा, दर महिनाअखेरीस भाडे २.२०. एकूण १३२ भरले जातील. विक्री करणारा सांगेल की पाच वर्षांत ३२ जास्त, म्हणजे वर्षाला फक्त ६.४ टक्के. हे गणित दिशाभूल करणारे आहे, कारण प्रत्येक हप्त्यातून मुद्दल कमी होत असते आणि पूर्ण १०० ही रक्कम पाच वर्षे आपल्याकडे राहतच नाही. घटत्या शिलकीवर दर काढला तर तो महिन्याला सुमारे ०.९६ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण साडेअकरा टक्के येतो. तोच हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरायचा असेल तर दर बारा टक्क्यांच्या जवळ जातो. शिवाय मुदत संपल्यावर उपकरण परत द्यायचे आहे की आपले होणार आहे, हे या आकड्यांत कुठेच दिसत नाही. बँकेच्या कर्जाशी तुलना करायची असेल तर ती या दराने करावी, आणि भाड्यात देखभाल समाविष्ट असल्यास तिची रक्कम आधी वेगळी काढूनच करावी. पुरवठादाराने ती रक्कम वेगळी दाखवायला नकार दिला, तर तशाच देखभाल कराराचे दुसरीकडून दरपत्रक मागवून अंदाज बांधता येतो.

‘भाडेपट्ट्याने घेतले की ताळेबंदावर कर्ज दिसत नाही’ असे अजूनही सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानके पाळणाऱ्या संस्थांसाठी हे १ जानेवारी २०१९ पासून खरे राहिलेले नाही. त्या दिवशी आयएफआरएस १६ हे मानक आयएएस १७ या जुन्या मानकाच्या जागी लागू झाले. त्यानुसार भाडेपट्ट्याने घेणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक भाडेपट्ट्यासाठी एका बाजूला वापरहक्काची मालमत्ता (वस्तू वापरण्याच्या हक्काचे मूल्य) आणि दुसऱ्या बाजूला देणे दाखवावे लागते. दोन सवलती आहेत. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचा आणि खरेदीचा पर्याय नसलेला भाडेपट्टा वगळता येतो, आणि कमी किमतीच्या वस्तूही वगळता येतात. मानक तयार करणाऱ्या मंडळासमोर या दुसऱ्या सवलतीसाठी वस्तू नवी असतानाची सुमारे ५,००० अमेरिकी डॉलर ही मर्यादा होती. काळजीकेंद्राच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ही किंमत एकेका वस्तूची पाहायची असते, एकूण कराराची नव्हे. चाळीस साध्या खाटांचा एकत्रित करार मोठा दिसला तरी प्रत्येक खाट त्या मर्यादेत बसू शकते, पण मोठे औद्योगिक धुलाईयंत्र बहुधा बसणार नाही.

छोट्या संस्थांना वेगळे लेखानियम लागू असू शकतात, तेव्हा आपल्या लेखापरीक्षकाला विचारावे. मात्र आधीच बँकेचे कर्ज असेल आणि त्यात एकूण देण्यांवर मर्यादा घातलेली असेल, तर नवा भाडेपट्टा ती मर्यादा ओलांडत नाही ना हे सहीच्या आधी तपासणे आवश्यक आहे.

---

प्रतिसाद : रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि करार करणाऱ्यांच्या बैठकीला आम्हाला फार क्वचित बोलावले जाते. ते बोलावणे किती गरजेचे आहे हे खालील गोष्टींवरून लक्षात यावे.

खाट, गादी आणि कठडे या तीन वस्तू वेगवेगळ्या नाहीत, त्या एकत्रितपणे एक उपकरण आहेत. खाट एका पुरवठादाराकडून आणि हवेची गादी दुसऱ्याकडून भाड्याने आली की त्या जोडीची जबाबदारी कोणीच घेत नाही. वैद्यकीय खाटांसाठी आयईसी ६०६०१-२-५२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात कठड्याची वरची कड गादीच्या पृष्ठभागापासून किमान २२० मिलिमीटर उंच असावी असे म्हटले आहे. साध्या फोमच्या गादीवर हे अंतर भरते, पण तिच्या जागी जाड हवेची गादी आली की तेच कठडे ठेंगणे ठरतात आणि त्यांच्यावरून पडण्याचा धोका निर्माण होतो. तसेच कठड्याच्या दांड्यांमधील आणि कठड्याखालील फटी १२० मिलिमीटरपेक्षा कमी असाव्यात, कारण त्याहून मोठ्या फटीत डोके अडकू शकते. गादी खाटेपेक्षा अरुंद असली किंवा कडेने दबत असली तर गादी आणि कठडा यांच्यामध्ये पोकळी तयार होते. गोंधळलेल्या, स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांच्या बाबतीत या अडकण्याने मृत्यू झालेले आहेत. म्हणून भाडेकरारात ‘खाट, गादी आणि कठडे एकमेकांशी सुसंगत असल्याची लेखी खात्री’ हे वाक्य असलेच पाहिजे. गादी बदलून देताना ती खात्री पुन्हा मिळाली पाहिजे.

वजनाविषयीही असाच गैरसमज होतो. खाटेवर लिहिलेला सुरक्षित कार्यभार हा रहिवाशाच्या वजनाचा आकडा नसतो. त्यात गादी, कठडे, सलाईनचा दांडा आणि उठण्यासाठीची वरची पकड हे सगळे धरलेले असते. रहिवाशाचे कमाल वजन त्याहून बरेच कमी असते आणि ते वेगळे लिहिलेले असते. भाड्याच्या यादीत फक्त मोठा आकडा छापलेला असेल तर दुसरा मागून घ्यावा.

हॉइस्टच्या बाबतीत यंत्राइतकेच महत्त्व स्लिंगला, म्हणजे उचलताना रहिवासी ज्यात बसतो त्या कापडी झोळीला आहे. भाडेपट्ट्यात बहुतेक वेळा यंत्राबरोबर एखादीच स्लिंग येते. प्रत्यक्षात वेगवेगळ्या मापांच्या, शौचालयासाठीच्या, आंघोळीसाठीच्या आणि डोक्याला आधार देणाऱ्या स्लिंग लागतात. धुवायला गेलेल्या स्लिंगच्या जागी दुसरी हवी असते, आणि संसर्ग टाळण्यासाठी प्रत्येक रहिवाशाची स्लिंग स्वतंत्र असणे योग्य. शिवाय एका कंपनीच्या यंत्राच्या दांडीला दुसऱ्या कंपनीची स्लिंग लावणे सुरक्षित आहे असे गृहीत धरता येत नाही. एक यंत्र बदलले की सगळ्या स्लिंगही बदलाव्या लागू शकतात, आणि हा खर्च हप्त्यात नसतो.

शेवटी एक विनंती. करार करताना ‘सेवा कार्यालयीन वेळेत’ असे लिहिलेले दिसले तर कृपया थांबा आणि विचार करा. आमचे निम्म्याहून अधिक तास कार्यालयीन वेळेच्या बाहेरच असतात.

---

प्रतिसाद : साधनदुरुस्ती

रात्रपाळी यांनी शेवटी लिहिलेले वाक्य मी पुढे नेतो. सेवाकरारात ‘चार तासांत प्रतिसाद’ असे ठळकपणे छापलेले असते. प्रतिसाद म्हणजे फोन उचलला, तक्रार क्रमांक दिला, फार तर माणूस येऊन पाहून गेला. सुटा भाग बाहेरून मागवावा लागला आणि त्याला तीन आठवडे लागले तरी ‘चार तासांत प्रतिसाद’ हे वचन पाळलेलेच राहते! म्हणून दोन मुदती मागाव्यात, एक प्रतिसादाची आणि दुसरी उपकरण पुन्हा वापरात येण्याची. दुसरी मुदत उलटली तर बदली उपकरण मिळाले पाहिजे आणि तोपर्यंतचे भाडे कापले गेले पाहिजे. बदली उपकरण ‘समतुल्य’ असेल असे म्हणणेही पुरेसे नाही. हॉइस्ट असेल तर तेवढाच सुरक्षित कार्यभार आणि त्याच स्लिंग चालतील अशी दांडी, असे लिहून घ्यावे.

पुढचा मुद्दा झिजणाऱ्या भागांचा. ‘संपूर्ण देखभाल समाविष्ट’ या शब्दांखाली बारीक अक्षरांत बॅटरी, चाके, गाळण्या, गादीचे आवरण, हातातला रिमोट आणि त्याची वायर वगळलेली असतात. इलेक्ट्रिक खाट किंवा हॉइस्ट यांत बिघडते ते प्रामुख्याने हेच. मोटार वर्षानुवर्षे चालते, पण रिमोटची वायर खाटेच्या सांध्यात चिरडली जाते. बॅटरीचेही तेच. हॉइस्टमधली शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की तिची क्षमता कायमची घटते, आणि मग मालक म्हणतो की चार्जिंग न केल्यामुळे ती बिघडली, सबब बदलण्याचा खर्च तुमचा. यंत्र वापरात नसतानाही चार्जिंगला लावण्याची जबाबदारी पाळीनिहाय ठरवून तिची नोंद ठेवली, तर हा वाद टळतो.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारे यंत्र) भाड्याने घेताना बाहेरून स्वच्छ दिसणे आणि आवाज येणे यावर समाधान मानू नये. चांगल्या स्थितीतले यंत्र निर्धारित प्रवाहावर साधारण ९३ टक्के, तीन टक्के वर-खाली, इतका ऑक्सिजन देते. आतील झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषून घेणारा पदार्थ) ओलावा शोषून निकामी होत गेले की प्रवाह तेवढाच दिसतो, पण ऑक्सिजनचे प्रमाण घसरते. दीर्घकाळ पडून राहिलेल्या यंत्रात हे होण्याची शक्यता असते. म्हणून पोहोचवताना शुद्धता मोजून दाखवावी, तासमापकावरचा (यंत्र एकूण किती तास चालले ते दाखवणारा) आकडा पावतीवर लिहावा आणि शुद्धतेची तपासणी किती अंतराने होईल हे करारात यावे. वीज गेल्यास पर्याय म्हणून सिलिंडर कोण ठेवणार, हाही प्रश्न तिथेच मिटवावा.

नियतकालिक तपासणीबद्दल देशोदेशी नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये माणसे उचलणाऱ्या उपकरणांची सक्षम व्यक्तीकडून सहा महिन्यांनी सखोल तपासणी करण्याचा नियम १९९८ पासून आहे, आणि स्लिंगही त्यात येतात. आपल्या ठिकाणचा नियम कोणताही असो, एक फरक ध्यानात ठेवावा. देखभाल आणि तपासणी ही दोन वेगळी कामे आहेत. तेल-पाणी करून गेलेल्या माणसाची पावती म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे. भाड्यात दोन्ही आहेत का, आणि दाखल्याची प्रत केंद्राकडे राहते का, हे पाहावे.

---

प्रतिसाद : नवे_केंद्र

वरील चर्चा अतिशय उपयुक्त आहे. आम्ही लहान केंद्र सुरू करण्याच्या तयारीत आहोत. एका पुरवठादाराने खाटा, गाद्या, हॉइस्ट, धुलाईयंत्र, भांडी धुण्याचे यंत्र आणि नर्स कॉल बेल असे सगळे एकाच पाच वर्षांच्या करारात, एकाच हप्त्यात देऊ केले आहे. सोय मोठी वाटते, कारण सुरुवातीचे भांडवल वाचते. असा एकत्रित करार करावा का?

---

धागाकर्ता : निवासव्यवस्था

@नवे_केंद्र, भांडवल वाचते हे खरे आहे आणि नव्या केंद्राला त्याची किंमत मोठी असते, ते मी कमी लेखत नाही. तरीही या सहा वस्तूंचे आयुष्य, त्यांची गरज आणि त्या परत करण्याची शक्यता इतकी भिन्न आहे की एका मुदतीत त्यांना बांधणे मला योग्य वाटत नाही.

नर्स कॉल बेल इमारतीत मुरते. भिंतींतून वायरी जातात, प्रत्येक खोलीत बटणे बसतात, आणि पाच वर्षांनी ती ‘परत’ करणे म्हणजे चालत्या केंद्राच्या भिंती उकरणे. छताला बसवलेल्या हॉइस्टच्या रुळांचेही तसेच. अशा गोष्टी भाडेपट्ट्याने घ्यायच्याच असतील तर मुदतीअखेर त्या कोणत्या रकमेला आपल्या होतील हे आजच ठरलेले असावे, नाहीतर तेव्हा समोरचा पक्ष सांगेल तो भाव द्यावा लागतो. यंत्रणेत सॉफ्टवेअर असेल तर त्याचे परवाना शुल्क कोण भरणार आणि सुधारित आवृत्त्या किती वर्षे मिळणार, हेही त्यात यावे.

धुलाईयंत्र मात्र सेवेसह भाडेपट्ट्यासाठी चांगला उमेदवार आहे. ते सतत चालते, त्याची दुरुस्ती महाग असते आणि ते बंद पडले तर दोन दिवसांत चादरी संपतात. पण जलजोडणी, सांडपाण्याचा निचरा, वीजभार आणि बैठकीचा पाया यांवरचा खर्च परत मिळत नाही, म्हणून तो हप्त्याबाहेर आहे का हे आधी पाहावे. यंत्र संसर्गित कपड्यांसाठी चालणारे हवे. ब्रिटनच्या आरोग्यखात्याच्या मार्गदर्शनात त्यासाठी ६५ अंश सेल्सिअसला दहा मिनिटे किंवा ७१ अंशांना तीन मिनिटे, आणि त्याआधी कपड्यांच्या भाराला ते तापमान येण्यासाठीचा वेळ वेगळा, असे निकष दिलेले आहेत. यंत्र खरोखर हे तापमान गाठते याची पडताळणी करून देण्याची जबाबदारी भाडेपट्ट्यात घालता येते. यंत्र स्वस्तात आणि डिटर्जंट मात्र त्यांच्याचकडून घेण्याचे बंधन, असा प्रस्ताव आला तर पूर्ण मुदतीचा डिटर्जंटचा खर्च धरूनच तुलना करावी.

विशेष हवेच्या गाद्या आणि जास्त वजनाच्या व्यक्तींसाठीच्या रुंद खाटा यांची गरज रहिवाशानुसार येते आणि जाते. त्यांच्यासाठी अल्पमुदतीचे भाडे मला सर्वात सयुक्तिक वाटते, जरी आठवड्याचा दर महाग दिसला तरी. तो दर समजा किमतीच्या तीन टक्के असेल तर तेहतीस-चौतीस आठवड्यांत पूर्ण किंमत भरली जाते. तेव्हा वापर किती काळ चालला आहे यावर कोणीतरी लक्ष ठेवले पाहिजे आणि ठरावीक टप्प्यावर खरेदीचा विचार पुन्हा झाला पाहिजे. रहिवाशाची गरज संपल्यानंतरही कोपऱ्यात उभ्या असलेल्या गादीचे भाडे चालू राहणे, ही गळती फार सामान्य आहे.

आणखी एक. तुमची इमारत भाड्याची असेल तर तिच्या उरलेल्या मुदतीपेक्षा उपकरणांचा भाडेपट्टा लांब नसावा. आणि उपकरण मिळाल्याची पोचपावती हा साधा कागद समजू नये. बहुतेक करारांत त्या सहीबरोबरच ‘उपकरण समाधानकारक स्थितीत मिळाले’ असे मान्य होते आणि हप्ते सुरू होतात. बसवून, चालवून, कर्मचाऱ्यांना शिकवून झाल्यावरच सही करावी.

---

प्रतिसाद : स्वमालकी

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. चर्चेत भाडेपट्ट्याचे तपशील इतके आले की खरेदी हा मार्ग जणू मागे पडला. साधी इलेक्ट्रिक खाट नीट जपली तर दहा वर्षे सहज टिकते, तिची दुरुस्ती अवघड नसते आणि तिचे तंत्र झपाट्याने बदलत नाही. अशी वस्तू पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेऊन परत करणे म्हणजे तिचे अर्धे आयुष्य दुसऱ्याला देऊन टाकणे. जेवणाच्या खोलीतील टेबले, चाकाच्या खुर्च्या, कपाटे यांनाही हेच लागू आहे. मी तर म्हणेन की कायम लागणारी, साधी, टिकाऊ वस्तू कर्ज काढून का होईना, विकत घ्यावी, आणि भाडेपट्टा गुंतागुंतीच्या यंत्रांपुरता ठेवावा. मालकी असली की रहिवाशांच्या सोयीनुसार बदल करण्याचीही मोकळीक राहते. भाड्याच्या खाटेला एक छिद्र पाडायचे तरी परवानगी लागते.

---

प्रतिसाद : जमाखर्च

@स्वमालकी, खाटांबद्दल तुमचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बहुतेक वेळा बरोबर ठरेल. एकच पुस्ती जोडतो. मालकीच्या उपकरणांच्या देखभालीसाठी आणि पुढील खरेदीसाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढण्याची शिस्त संस्थेत असेल तरच ही तुलना खरी. घसारा वहीत लिहिला जातो, पण तेवढे पैसे कुठेही जमा होत नाहीत, आणि दहाव्या वर्षी सगळ्या खाटा एकदम जुन्या होतात. ज्या संस्थांना ही शिस्त जमत नाही त्यांच्या रहिवाशांना भाडेपट्ट्यातली उपकरणे अधिक सुस्थितीत मिळतात, हेही नाकारता येणार नाही.

---

प्रतिसाद : करारवाचक

मी करार तपासण्याचे काम करतो. सुरुवातीच्या अटींवर वर बरेच लिहिले गेले आहे, म्हणून मी शेवटाकडच्या अटींवर लिहितो, कारण वाद तिथेच जास्त होतात.

मुदत संपली की भाडेपट्टा संपतो असे गृहीत धरू नका. पुष्कळ करारांत, मुदतीपूर्वी ठरावीक काळात लेखी नोटीस न दिल्यास तो आपोआप सहा किंवा बारा महिन्यांनी वाढतो. नोटिशीची खिडकी कधीकधी इतकी अरुंद असते की फार लवकर दिलेली नोटीसही अग्राह्य ठरते. सहीच्या दिवशीच ही तारीख दिनदर्शिकेत, आणि एकाहून अधिक जणांच्या दिनदर्शिकेत, लिहून ठेवावी. मुदतपूर्व समाप्तीत उरलेले सर्व हप्ते एकरकमी मागितले जातात. त्यात भविष्यातल्या व्याजाची वजावट मिळेल का आणि उपकरण परत गेल्यावर त्याच्या विक्रीची रक्कम वळती होईल का, हे विचारावे.

परत करतानाच्या स्थितीबद्दल ‘सामान्य झीज वगळता’ असे मोघम लिहिलेले असते. काळजीकेंद्रातली सामान्य झीज कार्यालयातल्या झिजेपेक्षा वेगळी आहे. जंतुनाशकांनी रंग उडतो, कठडे आदळून कडा खरचटतात. त्याचे वर्णन छायाचित्रांसह परिशिष्टात जोडून घेता येते. खाटा एकमेकींच्या शेजारी असल्या की कठडे, रिमोट आणि गाद्या यांची अदलाबदल होते आणि शेवटी अनुक्रमांक जुळत नाहीत. मग सुट्या भागांची नव्याची किंमत लावली जाते. प्रत्येक सुट्या भागावर मालकाची आणि अनुक्रमांकाची खूणचिठ्ठी, आणि केंद्राकडे स्वतःची नोंदवही, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. स्वतःच्या मालकीची उपकरणेही त्याच वहीत असावीत, नाहीतर तीसुद्धा चुकून उचलली जातात. रहिवाशांची माहिती साठवणारी यंत्रे परत देण्याआधी ती माहिती पुसल्याचा लेखी दाखला घ्यावा. निर्जंतुकीकरण कोणी करायचे, वाहतुकीचा खर्च कोणाचा, तेही लिहिलेले असावे.

लहान संस्थांकडून संचालकांची किंवा विश्वस्तांची वैयक्तिक हमी मागितली जाते. ती द्यावीच लागली तर रकमेला आणि काळाला मर्यादा घालून द्यावी.

ज्या अटीकडे मी सर्वात जास्त लक्ष वेधू इच्छितो ती ताबा परत घेण्याची. हप्ता थकला तर मालकाला उपकरण उचलून नेण्याचा अधिकार असतो, आणि व्यापारी दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण त्या क्षणी त्या खाटेवर एक माणूस झोपलेला असू शकतो. म्हणून, वापरात असलेले उपकरण लेखी पूर्वसूचनेशिवाय आणि रहिवाशाची पर्यायी व्यवस्था होईपर्यंत हलवले जाणार नाही, अशी अट आग्रहाने मागावी. तसेच मालककंपनी अडचणीत आली किंवा तिने करार दुसऱ्याकडे सोपवला, तरी हप्ते नियमित असेपर्यंत आपला वापर निर्वेध राहील, हेही लिहून घ्यावे. मागितल्यास या अटी मिळू शकतात, पण न मागता त्या कोणीही देत नाही.

---

प्रतिसाद : नवे_केंद्र

सर्वांचे मनापासून आभार. खाटा, टेबले आणि चाकाच्या खुर्च्या विकत घेण्यासाठी कर्जाची चौकशी करत आहोत, आणि उरलेल्या वस्तूंचे वेगवेगळे दर मागवले आहेत. एकच शंका उरते. सुरुवातीला सगळ्या खोल्या भरणार नाहीत. हॉइस्टची संख्या पूर्ण क्षमतेनुसार ठरवावी की सध्याच्या रहिवाशांनुसार?

---

प्रतिसाद : रात्रपाळी

खोल्यांच्या संख्येवरून ठरवू नका. किती रहिवाशांना हॉइस्टशिवाय उठता येत नाही, त्यांपैकी कितींना सकाळी एकाच वेळी उठवायचे असते, आणि ते किती मजल्यांवर राहतात, हे पाहा. दोन मजल्यांसाठी एकच यंत्र ठेवले तर ते बहुतेक वेळा उद्वाहनाची वाट पाहत उभे राहते. सुरुवातीला आजच्या गरजेपुरती यंत्रे आणि एक अधिकचे घ्यावे. त्याच दराने पुढे यंत्रे वाढवण्याचा आणि वर्षातून एकदा ठरावीक संख्येपर्यंत दंडाशिवाय कमी करण्याचा हक्क करारात मागावा. कमी करण्याचा हक्क नाकारला गेला, तर निदान एका प्रकारच्या यंत्राऐवजी दुसऱ्या प्रकारचे बदलून घेण्याचा हक्क मागा. कारण आज उभे राहण्यास मदत करणारे यंत्र ज्याला पुरते, त्याला पुढच्या वर्षी पूर्ण उचलणारे यंत्र लागू शकते.